‘हाड मोडलेलं नाही’, तरी पाय टेकवत नाही

प्रश्न : मॅडम, मी कोरेगाव तालुक्यातली, वय 22. साताऱ्यात खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करते. पाच आठवड्यांपूर्वी एसटीतून उतरताना डाव्या पायाचा चवडा गटारावरच्या फरशीच्या फटीत अडकला, टाच वर राहिली आणि मी तशीच पुढे पडले. पावलाच्या मधोमध कट्‌कन वाजलं. तासाभरात पाय एवढा सुजला की बूट निघेना. दवाखान्यात झोपवून एक्स-रे काढला. ‘हाड मोडलेलं नाही, लचकलंय’ म्हणाले आणि गोळ्या, क्रेप बँडेज दिलं. दोन दिवसांनी तळव्याला जांभळा डाग आला, तो पुढे आपोआप गेला. काकांनी हाडवैद्याकडे नेलं. त्यांनी शीर चढलीय म्हणून दोनदा चोळून दिलं, त्यानंतर दुखणं वाढलं. आता टाचेवर भार देऊन चालते, पण चवड्यावर उभं राहता येत नाही. जिना उतरताना कळ येते, संध्याकाळी पाय सुजतो. मैदानी चाचणी दोन-अडीच महिन्यांवर आहे. अकॅडमीतले सर म्हणतात, टेप लावून हळूहळू पळायला लाग. पळू का? आणि आई विचारते, हाडजोडीचा काढा देऊ का?

उत्तर : पळायचं नाही. टेप लावून नाही, हळूहळू नाही, ‘नुसता वॉर्मअप’ म्हणूनही नाही. वयाने तू माझ्या लेकीएवढी, म्हणून एवढ्या हक्काने सांगते. तुझ्या पावलाच्या मधल्या भागातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा चिवट पट्टा, तुटलं असावं अशी मला दाट शंका आहे. ती खरी की खोटी हे ठरेपर्यंत त्या पायावर धावणं म्हणजे उरलंसुरलं हातचं घालवणं. पत्र वाचून निदान होत नाही हे खरं. पण कुठली तपासणी राहून गेली आहे, ते तुझ्या पत्रातून अगदी स्वच्छ दिसतं.

तू लिहिलेल्या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते तळव्यावरच्या डागाचं वाक्य. नेहमीसारखा घोटा मुरगळला तर निळेपणा घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या खाली येतो आणि टाचेकडे उतरतो. तळव्याच्या खोलगट भागात, बरोबर मधोमध जांभळं झालं, तर गोष्ट वेगळी. पावलाच्या सांध्यांना तळव्याच्या बाजूने बांधून ठेवणारी लिगामेंट जाड आणि चिवट असतात. ती फाटली की रक्त खाली झिरपतं आणि तळव्याच्या कातडीखाली दिसू लागतं. गंमत अशी, की हा डाग पहिल्या तासात क्वचितच दिसतो. तो उमटतो तोवर रुग्ण घरी, पायाला बँडेज, आणि दुखरा पाय उलटा करून तळवा बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. माझ्याकडे पाय सुजून कुणी आलं की बँडेज पूर्ण सोडवायला लावते, रुग्णाला पालथं झोपवते आणि खिडकीच्या उजेडात दोन्ही तळवे शेजारी शेजारी बघते. डाग नसला म्हणजे इजा नाही असं नव्हे. पण असला, तर एक्स-रे काहीही म्हणो, मी त्या माणसाला ‘लचकलंय’ म्हणून घरी पाठवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तुझी पडण्याची तऱ्हा. चवडा जमिनीत रुतलेला, टाच वर, आणि अंगाचं सगळं वजन पुढे कोसळलेलं. या स्थितीत घोट्याला फार काही होत नाही, सगळा जोर पावलाच्या मध्यावर येतो. फुटबॉल खेळताना, शिडीवरून उतरताना शेवटची पायरी चुकली की, मोटारसायकल घसरताना पाय ब्रेकखाली मुडपला की, असंच होतं. आणि तिसरी गोष्ट, पाच आठवडे झाले तरी चवड्यावर उभं राहता येत नाही. साध्या लचकीला एवढा वेळ लागत नाही.

आता आत नेमकं काय आहे ते सांगते, म्हणजे डॉक्टर काय बोलतात ते तुला कळेल. पायाच्या पाच बोटांकडे जाणारी पाच लांब हाडं मागच्या बाजूला पावलाच्या मध्यातल्या छोट्या हाडांना जोडलेली असतात. जोडांची ही रांग आडवी, थोडी कमानदार. तू लिंबची बारा मोटांची विहीर पाहिली असशील. तिथल्या दगडी कमानीच्या डोक्यावर जसा पाचरीसारखा दगड बसवलेला असतो, तसं दुसऱ्या बोटाचं हाड बाकीच्यांपेक्षा थोडं मागे सरकून दोन हाडांच्या खाचेत घट्ट बसलेलं असतं. त्याला जागेवर धरणारं मुख्य लिगामेंट अंगठ्याच्या बाजूच्या छोट्या हाडापासून तिरकं या दुसऱ्या हाडाच्या बुडाशी जातं. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांच्या बुडांना एकमेकांशी बांधणारं वेगळं लिगामेंट निसर्गाने दिलेलंच नाही. त्यामुळे हे एक तिरकं तुटलं की दोन हाडांमध्ये फट पडते. पाय टेकवला की ती रुंदावते, उचलला की मिटते.

या सांध्यांना लिसफ्रँक सांधे म्हणतात आणि तुझ्या रिपोर्टवर हाच शब्द येऊ शकतो. झाक लिसफ्रँक हा नेपोलियनच्या काळातला फ्रेंच शल्यविशारद. 1815 मध्ये त्याने या रांगेतून पावलाचा पुढचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया वर्णन केली. घोड्यावरून पडताना स्वाराचा पाय रिकिबीत अडकला की ही इजा व्हायची आणि पाय सडला तर कापण्यावाचून इलाज नसे. इजेचं असं वर्णन त्याने केलंच नाही, तरी नाव त्याचंच चिकटलं. घोडदळाच्या आपल्या या मुलखातही रिकिबीत अडकलेले असे पाय थोडे नसतील. असो.

तर मग एक्स-रेत का दिसलं नाही? कारण तो झोपवून काढला. झोपलेल्या पायावर भार नसतो आणि मिटलेली फट फोटोत मिटलेलीच दिसते. पहिल्या दिवशी तुला उभं राहणंच शक्य नव्हतं, त्यामुळे त्या डॉक्टरांना फार दोष देणार नाही. पण दहा-बारा दिवसांनी, सूज उतरल्यावर परत बोलावून उभं करून एक्स-रे काढायला हवा होता. ही इजा पहिल्या खेपेला नजरेतून सुटण्यासाठी जगभर बदनाम आहे. अस्थिरोगाच्या पुस्तकांत पाचातली एक सुटते असं दिलेलं असतं.

तेव्हा या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, शक्यतो पावलाच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्यांकडे. तिथे सांग : ‘दोन्ही पायांचा, उभं राहून एक्स-रे हवाय.’ दोन्ही पाय अशासाठी, की उजवा चांगला पाय हीच तुझी मोजपट्टी. काही जणींची फट जन्मतःच थोडी जास्त असते. एक फोटो वरून, एक तिरका, एक बाजूने. वरून काढलेल्या फोटोत दुसऱ्या लांब हाडाची आतली कड आणि तिच्या मागच्या छोट्या हाडाची आतली कड एका रेषेत हवी. पहिल्या-दुसऱ्या हाडांच्या बुडांमधली फट चांगल्या पायापेक्षा 2 मिलिमीटरहून जास्त असेल तर ती डोळ्यांत भरायला हवी. कधी कधी तिथे तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडा दिसतो. लिगामेंटने हाडाचा टवका उपटून नेलेला असतो. बाजूच्या फोटोत पावलाची कमान खचली आहे का ते कळतं. बारीक फ्रॅक्चर शोधायला सीटी स्कॅन, लिगामेंट बघायला एमआरआय. पण एमआरआय महाग आहे, म्हणून आधी उभ्याने एक्स-रे. बरेचदा तेवढ्यावर भागतं. फोटो काढताना मात्र दोन्ही पायांवर सारखा भार दे. दुखतं म्हणून सगळं वजन उजव्या पायावर टाकून उभी राहिलीस, तर झोपवून काढलेल्यात आणि यात काही फरक राहणार नाही. तंत्रज्ञांना खांदा धरू द्यायला सांग, खुर्चीची पाठ धर, पण तेवढे दोन-तीन सेकंद पाय पूर्ण टेकव.

घरी तपासून बघायचंच असेल तर एवढंच कर. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेतून पायाच्या वरच्या बाजूने बोट घोट्याकडे सरकवत ने. वाटेत, पावलाच्या उंचवट्याच्या अलीकडे, एका ठिकाणी ‘आई गं’ झालं तर जागा तीच. पाऊल पिळून बघू नकोस आणि एका पायाच्या चवड्यावर उभं राहायचा प्रयोग तर पुन्हा मुळीच नको.

हाडवैद्यांबद्दल. आपल्या भागात त्यांच्यावर लोकांची श्रद्धा आहे. पण चोळणं ही गोष्ट या इजेला सर्वांत वाईट. तुटलेल्या लिगामेंटमुळे आधीच सैल झालेले सांधे दाबून, ओढून आणखी सरकतात. तुझं दुखणं वाढलं ते उगीच नाही. शीर चढणं नावाचं इथे काही नाही. आंबेहळदीचा लेप लावलास तर लाव, त्याने कातडीखेरीज कशालाच फरक पडत नाही. मात्र कामट्या लावून आवळून बांधलेली पट्टी सुजलेल्या पायाला नको, त्याने बोटांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. काकांना वाईट वाटू न देता सांग, की डॉक्टरांनी पायाला हात लावायलाच मना केलंय. माझं नाव पुढे कर.

आता उपचार. दोन वाटा आहेत आणि कुठली तुझी, ते उभ्याचा एक्स-रे ठरवेल.

हाडं जागेवर असतील, भार देऊनही फट पडत नसेल, तर ऑपरेशन लागत नाही. गुडघ्याखाली प्लास्टर किंवा काढता-घालता येणारा बूट साधारण सहा आठवडे. त्यात सुरुवातीला पाय टेकवायचा नाही, पुढे डॉक्टर सांगतील तसा भार. मध्ये दोन आठवड्यांनी पुन्हा उभ्याने फोटो घ्यायचा, कारण काही सांधे सुरुवातीला शहाण्यासारखे वागतात आणि मागाहून सरकतात. प्लास्टर सुटल्यावर कडक तळाचा बूट, कमानीला आधार देणारं इनसोल आणि फिजिओथेरपी. आता पाच आठवडे तू त्यावर चाललीच आहेस, त्यामुळे डॉक्टर हे वेळापत्रक थोडंफार बदलतील.

हाडं सरकली असतील तर ऑपरेशन, आणि यात उशीर परवडत नाही. पहिल्या काही आठवड्यांत हाडं जागेवर आणून स्क्रू-प्लेटने धरता येतात. दिवस जातात तशी मधे कठीण पेशीजाळी भरते, सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, घासते, आणि मग सांधे जोडून टाकणं, म्हणजे फ्यूजन, हाच मार्ग उरतो. तू त्या सीमेवर उभी आहेस, म्हणून ‘या आठवड्यात’ म्हणाले.

फ्यूजन म्हटलं की घरचे घाबरतात, ‘पाय कायमचा ताठ होणार’ म्हणतात. तसं नसतं. पहिल्या तीन बोटांमागचे हे सांधे मुळातच जेमतेम हलतात. ते जोडले तरी घोटा हलतो, बोटं हलतात, मांडी घालता येते. करंगळीकडचे दोन सांधे खरे हलणारे, ते सहसा जोडत नाहीत. फक्त लिगामेंट तुटलेल्यांमध्ये स्क्रू लावावेत की सरळ जोडून टाकावं, यावर तज्ज्ञांत वाद आहे. 2006 मध्ये अमेरिकेत 41 रुग्णांच्या अभ्यासात जोडून टाकलेल्यांचे पाय दोन वर्षांनंतर जास्त चांगले होते. 2009 मधल्या दुसऱ्या अभ्यासात पायाच्या कामात मोठा फरक दिसला नाही, फक्त स्क्रूवाल्यांना दुसऱ्यांदा ऑपरेशन जास्त लागलं, ते मुख्यतः स्क्रू काढण्यासाठी. माझं मत विचारशील तर, पाच-सहा आठवडे उलटलेल्या, नुसतं लिगामेंट तुटलेल्या पायाला मी जोडण्याकडे झुकते. पण तुझा फोटो मी पाहिलेला नाही. तुझे सर्जन वेगळं म्हणाले तर कारण विचार आणि त्यांचं ऐक.

खर्चाची काळजी पत्रात नाही, पण मनात असणार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडे रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन विचार. रुग्णालयात दाखल व्हायच्या आधी विचार, नंतर कागद जुळवताना फार धावपळ होते.

भरतीचं स्पष्टच सांगते. या खेपेची मैदानी चाचणी गेली. ऑपरेशन न लागताही धावायला चार महिन्यांच्या आत कुणी शहाणा डॉक्टर सांगणार नाही. ऑपरेशन झालं तर पूर्ण जोमाने पळायला सहा महिने ते वर्ष धर. तुझी 800 मीटर, तुझी 100 मीटर, दोन्ही चवड्याच्या जोरावर आहेत. गोळाफेकीतही शेवटचा रेटा पायाचाच. 50 पैकी निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखीलाही बसता येत नाही. दुखऱ्या पायाने धावून समज 22 गुण मिळवलेस, तर भरती तर गेलीच, वर पाय गेला. दुर्लक्ष झालं की या इजेत सांधे झिजतात, कमान बसते, पाय सपाट होतो. साताऱ्याच्या मुलीला हे वेगळं सांगायला नको, की सैन्यदलांच्या वैद्यकीय तपासणीत सपाट पाय बघितला जातो. तुझ्या हातात वर्षं आहेत. खुल्या गटालाही वयाची अट 28 ची आहे. सहा आठवडे पाय उशीवर ठेवून गणित आणि मराठी व्याकरण पक्कं कर. अकॅडमीतल्या तुझ्या सगळ्या मैत्रिणी तेवढा वेळ मैदानावर घालवणार आहेत. सरांना सांग, खांदे आणि पोट-पाठीचे बसून करायचे व्यायाम लिहून द्या.

तुझ्या मैत्रिणींसाठीही एक सूचना. कुठेही न पडता, न मुरगळता, डांबरी रस्त्यावर रोज धावून पावलाच्या वरच्या बाजूला हळूहळू ठणका सुरू झाला असेल, तर तिथल्या नौकेच्या आकाराच्या हाडाला ताणाचं बारीक फ्रॅक्चर असू शकतं. ते साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. धावणं थांबवून वेळीच प्लास्टर घातलं तर भरून येतं, तसंच रेटलं तर हाड दुभंगतं.

घरात कुणी मधुमेही असेल तर हेही ध्यानात असू दे. पाऊल सुजलं, लाल आणि गरम झालं, पण फारसं दुखत नाही आणि मार लागल्याचं आठवत नाही, असं झालं तर ते नुसतं इन्फेक्शन किंवा गाऊट समजून गोळ्या घेत बसू नये. संवेदना गेलेल्या पायात हेच सांधे आतून ढासळत असतात. त्याला शार्कोचं पाऊल म्हणतात. तपासणी होईस्तोवर त्या पायावर एक पाऊलही टाकायचं नाही.

आणि पावलावरून उसाची ट्रॉली, ट्रॅक्टरचं चाक वगैरे गेलं असेल, पाऊल दगडासारखं घट्ट झालं असेल, बोटं बधिर पडत असतील आणि गोळी घेऊनही वेदना वाढतच असतील, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच सातारा किंवा कराड गाठायचं.

आईंना सांग, हाडजोडीच्या काढ्याने तुटलेलं लिगामेंट सांधणार नाही. पण दूध, अंडी, डाळी, आणि घरी चालत असेल तर मटणाचा रस्सा, यांना माझी हरकत नाही. घरात कुणी तंबाखू ओढत असेल तर तुझ्या खोलीत नको, धुराने हाड जुळायला उशीर लागतो. प्लास्टर असताना पोटरी दुखून सुजली किंवा एकदम दम लागला, तर तडक डॉक्टरांना फोन करायचा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

कुबड्या घेतल्यावर पहिले दोन दिवस अंगण आणि जिना यांत जातात, म्हणून आधीच सांगून ठेवते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. कुबडीचा वरचा भाग काखेत रुतवायचा नाही, भार हातांवर घ्यायचा, नाहीतर हाताला मुंग्या येतात. तुझ्या खोलीत भारतीय पद्धतीचा संडास असणार. दुखऱ्या पायावर भार न देता त्यावर बसणं जमणार नाही आणि तोल जाऊन पडलीस तर दुसरा पाय मोडेल. प्लास्टर असेपर्यंत गावी आईकडे राहा आणि सर्जिकल सामानाच्या दुकानातून कमोडची खुर्ची भाड्याने आण.